लांब केसांचे मांजर आणि उन्हाळ्याची कात्री

उन्हाळा तोंडावर आला की लांब केसांच्या मांजराचे पोट, काखा आणि मागच्या मांड्या घरच्या घरी कातरून मोकळ्या करण्याची प्रथा आज मुंबई-पुण्यापासून लंडन-न्यूयॉर्कपर्यंत सर्वत्र रूढ झालेली असली, तरी तिचा इतिहास स्वतंत्रपणे क्वचितच सांगितला जातो. मांजरांवरील ग्रंथ जाती, रंग आणि वंशावळी यांचा तपशील पानोपानी देतात, पण कात्रीचा उल्लेख बहुधा एखाद्या ओळीत उरकतात. वास्तविक या प्रथेचा मागोवा घेतला असता लांब केसांच्या मांजराचा सगळा प्रवासच तिच्यातून उलगडतो, कारण केस कापण्याची गरज मांजराच्या स्वभावातून निर्माण झालेली नाही. ती मनुष्याने चारशे वर्षे निगुतीने केस वाढवत नेल्यामुळे आणि थंड, कोरड्या पठारांवरचा प्राणी व्यापाराच्या वाटेने दमट, उष्ण किनाऱ्यांवर नेऊन सोडल्यामुळे निर्माण झालेली आहे.

मांजराच्या अंगावरील केसांचे स्थूलमानाने तीन थर असतात. सर्वांत वरचे केस जाड, सरळ आणि पाणी निथळून टाकणारे असतात, त्यांच्याखाली काहीसे बारीक असे मधले केस असतात आणि अगदी कातडीलगत मऊ, कुरळी लव असते, जी हवा धरून ठेवते व अंगाची ऊब राखते. रानमांजराच्या अंगावर, आणि माणसाजवळ प्रथम वस्तीला आलेल्या मांजराच्याही अंगावर, हे तिन्ही थर आखूडच होते. पश्चिम आशियात शेतीच्या आरंभकाळी धान्याच्या कोठारांभोवती मांजर माणसाळले, आणि सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी एका माणसाच्या शेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. त्या मांजरांच्या वंशात केव्हातरी केसांची वाढ थांबवणाऱ्या जनुकात, म्हणजे पुढे ‘एफजीएफ-5’ या नावाने ओळखल्या गेलेल्या जनुकात, बिघाड झाला. हे जनुक एरवी केसाला ठरावीक लांबी गाठल्यावर ‘आता पुरे’ असा निरोप देते. तो निरोप पोहोचला नाही की केस अधिक काळ वाढतच राहतो. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून या जनुकातील अशा चार निरनिराळ्या बदलांचा छडा लागला, म्हणजे लांब केस मांजरात एकदाच नव्हे तर अनेकदा उपजले. हा गुण अप्रकट, म्हणजे आई आणि बाप या दोघांकडून आला तरच दिसणारा असल्यामुळे मोकळ्या वस्तीत तो विरून जातो, आणि मूळ वस्ती एकाकी असेल किंवा माणूस निवडून जोड्या लावत असेल तेव्हाच टिकतो.

अशी एकाकी आणि थंड वस्ती मिळालेले प्रदेश म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील अंकारा, इराणचा खोरासान प्रांत आणि अफगाणिस्तानातील काबूल. अंकारा समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर, तर काबूल सुमारे अठराशे मीटर उंचीवर वसलेले आहे. दोन्हीकडे हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो आणि वर्षभराचा पाऊस काबुलात सुमारे तीनशे, तर अंकाऱ्यात सुमारे चारशे मिलिमीटर इतकाच पडतो. फ्रेंच निसर्गाभ्यासक ब्यूफाँ यांनी 1756 मध्ये प्रसिद्ध झालेल्या खंडात मांजरांचे वर्णन करताना अंकाऱ्याच्या परिसरातील मांजर, बकरी आणि ससा हे तिन्ही प्राणी लांब, रेशमी केसांचे कसे, याकडे लक्ष वेधले आणि त्याचे श्रेय तिथल्या हवामानाला दिले. हवामान थेट केस लांबवते ही त्यांची समजूत आज टिकत नाही, कारण केसाची लांबी जनुक ठरवते. मात्र अशा हवेत लांब केस ओझे होत नाहीत, कोरड्या वाऱ्यात ते सुटे राहतात आणि वसंतात आपसूक गळतात, एवढा भाग त्यांच्या निरीक्षणात खरा होता. जनावर आणि हवामान यांचा हा मेळ बसलेला होता तोवर कात्रीची गरज नव्हती.

हा मेळ मोडण्याची सुरुवात सतराव्या शतकात झालेली दिसते, आणि तिच्या पहिल्याच नोंदीत भारताचा उल्लेख यावा हे लक्षणीय आहे. रोमचा सरदारपुत्र आणि प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने 1620 मध्ये इस्फहानहून लिहिलेल्या पत्रात खोरासानच्या मांजरांचे वर्णन केले आहे: राखी रंग, चकचकीत आणि रेशमासारखे मऊ केस, आणि सर्वांत देखणी ती शेपटी, जी हे मांजर खारीसारखी पाठीवर उलटी टाकून चालते. त्याने या मांजरांच्या चार जोड्या रोमला नेण्यासाठी जमवल्या होत्या. पोर्तुगीजांनी अशी मांजरे इराणातून भारतात नेली असल्याचेही तो नोंदवतो. होर्मुझ, दीव आणि गोवा ही पोर्तुगीज ठाणी ज्या सागरी वाटेने जोडलेली होती, त्याच वाटेने घोडे, गालिचे आणि सुकामेवा येत असे; त्या मालाबरोबर एखादे झुबकेदार शेपटीचे मांजर गोव्याच्या धक्क्यावर उतरले असेल तर नवल नाही. देल्ला व्हाल्ले स्वतःही पुढे 1623 मध्ये सुरतेहून गोव्याला आला. समुद्रसपाटीवरचा, वर्षाचे चार महिने भिजलेला आणि उरलेले महिने घामेजलेला कोकणपट्टा, आणि शून्याखालच्या हिवाळ्यासाठी घडलेले ते केस, यांची गाठ त्या शतकात पडली.

एकोणिसाव्या शतकारंभी याच व्यापाराची अधिक नेमकी माहिती पुण्याशी संबंध असलेल्या एका ग्रंथातून मिळते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने 1808-09 मध्ये काबूलच्या शाहकडे गेलेल्या इंग्रज वकिलातीचे नेतृत्व केले; ही वकिलात प्रत्यक्ष काबूलला पोहोचलीच नाही, पेशावरातच शाह शुजाची भेट होऊन ती परतली, पण वाटेत आणि मुक्कामी जमवलेली माहिती इतकी विपुल होती की तिचा मोठा ग्रंथ झाला. तो ग्रंथ 1815 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा एल्फिन्स्टन पेशव्यांच्या दरबारी पुण्यात रेसिडेंट होता. त्यात तो सांगतो की लांब केसांची ही मांजरे काबूलहून मोठ्या संख्येने परदेशी जातात आणि सगळीकडे त्यांना इराणी, म्हणजे ‘पर्शियन’, म्हटले जाते, मात्र खुद्द इराणात ती फारशी नाहीत आणि तिथून ती क्वचितच, किंबहुना कधीच बाहेर जात नाहीत. याच वकिलातीतील लेफ्टनंट अर्विन याचा वृत्तान्त पुढे 1839 च्या सुमारास बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला, आणि त्यात प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाचे असे एक वाक्य आहे: काबूलचे लोक या मांजरांना साबणाने न्हाऊ घालतात आणि फणीने विंचरतात, जेणेकरून केस अधिक वाढावेत.

या नोंदीचे महत्त्व असे की तिच्यात केसांची मशागत हा धंद्याचाच एक भाग म्हणून दिसतो. मांजर विकायचे ते केसांच्या जोरावर, म्हणून केस धुवायचे, सोडवायचे आणि वाढवायचे. कात्री लावणे म्हणजे मालाची किंमत घटवणे. फॅनी पार्क्स या इंग्रज बाईंच्या 1850 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर हिंदुस्थानातील प्रवासवर्णनात काबूलकडून येणाऱ्या उंटांच्या तांड्याचे चित्र आहे. त्या उंटांवर सुकामेवा आणि फळांबरोबर रेशमी केसांची, झुबकेदार शेपटीची मांजरे येत, आणि संध्याकाळच्या वेळी दाढीवाले व्यापारी एकेक मांजर हातावर घेऊन गिऱ्हाइकांपुढे उभे राहत. एका मांजराला पन्नास रुपये मागायचे आणि आठ-दहा रुपयांना सौदा तुटायचा, असा त्यांचा रिवाज होता. मागितलेल्या आणि मिळालेल्या किमतीतील ही दरी पाहिली की विंचरून फुलवलेले केस त्या सौद्यात काय काम करत असतील याची कल्पना येते. व्यापारी थंडीच्या दिवसांत यायचे आणि उन्हाळ्यापूर्वी परत डोंगर गाठायचे. पुढचा चैत्र-वैशाख आणि त्यानंतरचा पावसाळा या मांजरांनी आणि त्यांच्या नव्या धन्यांनी कसा काढला, याविषयी ही वर्णने काहीच सांगत नाहीत. विकणाऱ्याला ते पाहावे लागत नसे.

युरोपात या मांजरांचा प्रवेश भूमध्य समुद्रावरच्या बंदरांतून झाला. दक्षिण फ्रान्समधील विद्वान संग्राहक पेरेस्क याने 1630 च्या दशकापर्यंत पूर्वेकडून लांब केसांची मांजरे मागवून घरी त्यांची पैदास केली होती, आणि एखादी दुर्मीळ प्राचीन वस्तू मिळवायची असेल तर तो पिलू देऊ करत असे. अठराव्या शतकात पंधराव्या लुईच्या दरबारी पांढऱ्या अंगोरा, म्हणजे अंकाऱ्याच्या, मांजराचे कौतुक होते आणि चित्रकार बाशेलिए याने 1761 मध्ये रंगवलेले पांढरे मांजर आजही त्या काळच्या आवडीची साक्ष देते. ही मांजरे महालातली होती, नोकरचाकरांच्या हातून विंचरली जात होती, आणि पॅरिसची हवाही त्यांना मानवणारी होती.

पॅरिसमध्येच जनावरांचे केस कापण्याचा एक स्वतंत्र धंदा उभा राहिला. सीन नदीवरील पों नफ या पुलावर आणि घाटांवर बसणारे, त्यांत बायकाही पुष्कळ, कुत्रे भादरून देत. पूडल कुत्र्याची कंबर आणि मागचे अंग सफाचट करून छातीवर आयाळ व शेपटीला गोंडा राखण्याची तऱ्हा त्यांच्या हातची. या मंडळींच्या पाट्यांवर कुत्र्यांबरोबर मांजरांचाही उल्लेख असे, पण तो बोक्यांच्या खच्चीकरणापुरता. केस कापण्यासाठी मांजर पुलावर येत नव्हते. यामागे समजण्याजोगे कारण आहे. कुत्रा दोरीने बांधला की परक्याच्या हाताखाली उभा राहतो. मांजर परक्या जागी, नदीकाठच्या गलबल्यात, कात्रीच्या आवाजासमोर क्षणभर थांबत नाही. त्यामुळे कुत्र्याची कातरणी हा रस्त्यावरचा व्यवसाय झाला आणि मांजराची कातरणी, जेव्हा केव्हा करावी लागली तेव्हा, घरातच राहिली. आजही ही प्रथा मुख्यतः घरगुती आहे याचे मूळ मांजराच्या या स्वभावात शोधायला हवे.

आणखी एका बाबतीत मांजर इतर लोकरी जनावरांहून वेगळे पडले. अंकाऱ्याच्या बकरीचे केस कापले जात कारण त्यांचे कापड विणले जाई, आणि दख्खनच्या पठारावर धनगर मेंढ्यांची लोकर वर्षातून दोनदा कातरतात कारण तिची घोंगडी होते. कातरणी तिथे पीक काढण्यासारखी आहे, म्हणून तिला ठरलेला हंगाम, ठरलेली कातर आणि पिढीजात हात लाभलेले आहेत. मांजराच्या केसांना असा बाजार कधीच नव्हता. त्यांची किंमत अंगावर असेपर्यंतच होती, म्हणून त्यांच्या कातरणीचे शास्त्र कुणी रचले नाही, तिचे ज्ञान कुणाकडे वारशाने आले नाही, आणि ज्याच्या घरी मांजर त्यानेच ते चाचपडत शिकायचे अशी स्थिती फार काळ राहिली.

इंग्लंडमध्ये प्राणिचित्रकार हॅरिसन वीअर यांनी 13 जुलै 1871 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे मोठे प्रदर्शन भरवले आणि तेव्हापासून मांजर हा स्पर्धेचा विषय झाला. वीअर यांनी जातींचे गुण मोजण्यासाठी निकष लिहिले, 1889 मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात अंगोरा व पर्शियन यांना केसांच्या पोतावरून व शेपटीच्या ठेवणीवरून वेगळे केले. प्रदर्शन जुलैत, म्हणजे मांजराचे हिवाळी केस गळून गेल्यावर भरले, ही गोष्ट लांब केसांच्या मांजरांच्या मालकांना अर्थातच गैरसोयीची होती. मांजराचा केसांचा साज थंडीतच भरतो हे ध्यानात घेऊन पुढील काळात लांब केसांच्या मांजरांची महत्त्वाची प्रदर्शने शरद आणि हिवाळ्याकडे सरकली. 1887 मध्ये नॅशनल कॅट क्लब स्थापन झाला, 1903 मध्ये फ्रान्सिस सिम्प्सन यांचा मांजरांवरील बृहद्ग्रंथ आला, आणि एक पूर्ण संगोपनपद्धती आकाराला आली: दररोज कंगवा, मऊ ब्रश, आणि अंगावरचा तेलकटपणा शोषून केस सुटे करण्यासाठी मुलतानी मातीची पूड, जी नंतर झटकून काढायची. महाराष्ट्रात न्हाणीघरात असणारी ही माती व्हिक्टोरियन घरांत पर्शियन मांजरावर शिंपडली जात होती.

या पद्धतीत कात्रीला मान नव्हता. परीक्षकापुढे ठेवलेल्या मांजराचे केस नैसर्गिक लांबीचे आणि अखंड असले पाहिजेत, कापलेला भाग दोष मानला जाईल, हा दंडक तेव्हा रुजला आणि पर्शियन मांजरांच्या प्रदर्शनांत आजही कायम आहे. परिणामी कातरलेले मांजर हे हयगय केलेल्या घराचे लक्षण ठरले. विंचरायला चुकलात म्हणून गाठी झाल्या, गाठी झाल्या म्हणून कात्री आली, असा तो अर्थ होता. या ठपक्याने कात्रीचे जे काही ज्ञान घराघरांत असेल ते ग्रंथांत उतरू दिले नाही, आणि या प्रथेच्या इतिहासातली मोठी पोकळी त्यामुळेच आहे. हा ठपका अन्यायकारक होता असे म्हणणे भाग आहे, कारण ज्या केसांमुळे गाठी होत होत्या ते त्याच प्रदर्शनांच्या निकषांनी वाढवत नेलेले होते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात अंगोरा मांजर पर्शियनमध्ये मिसळून प्रदर्शनांतून जवळपास नाहीसे झाले. पर्शियनचे अंग बुटके आणि भारदस्त, डोके गोल, नाक आखूड आणि तळची लव अधिकाधिक दाट होत गेली. 2008 च्या जनुकीय अभ्यासाने दाखवून दिले की आजचे पर्शियन मांजर इराणच्या मांजरांपेक्षा पश्चिम युरोपातील मांजरांच्या अधिक जवळचे आहे. अर्थात एल्फिन्स्टनने ज्या मांजरांविषयी लिहिले त्यांचे केसच काय ते नव्या मांजराला वारशाने मिळाले, आणि तेही दाट करून. काबूलच्या मांजराच्या अंगावर विंचरता येण्याजोगे केस होते; नव्या पर्शियनच्या अंगावर असे केस आले की जे विंचरल्यावाचून आठ दिवसही सुटे राहत नाहीत. चपट्या तोंडामुळे त्या मांजराची स्वतःला चाटून साफ करण्याची शक्तीही उणावली.

कात्रीला यंत्राची जोड मिळाली ती इतर जनावरांच्या मार्गाने. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये डार्लिंग नदीकाठच्या डनलॉप या मेंढवाड्यावर 1888 मध्ये हंगामाची संपूर्ण लोकर प्रथमच वुल्झली यांनी बनवलेल्या यंत्राने कातरली गेली. दोन दातेरी पाती एकमेकींवर सरकवत केस कापण्याचे तत्त्व तेच ठेवून अमेरिकेत लिओ वॉल यांनी 1919 मध्ये विजेच्या हातयंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि न्हाव्याच्या दुकानात भुणभुणणारे मशीन आले. पुढे 1960 ते 1982 या काळात पूडल हा अमेरिकेत सर्वाधिक नोंदणी होणारा कुत्रा ठरला. त्याच्या कातरणीसाठी गावोगावी दुकाने निघाली, जनावरांसाठी बदलत्या पात्यांची मशीने तयार झाली, आणि त्याच दुकानांतून व त्याच मशीनने मांजरेही कापली जाऊ लागली. पाठ, पोट आणि कुशी कापून मानेभोवती आयाळ, चारी पायांत मोजे आणि शेपटीच्या टोकाला गोंडा राखणारी ‘लायन कट’ ही तऱ्हा पूडलवरून मांजरावर आलेली आहे; पों नफच्या पुलावर जे रूप कुत्र्याला दिले जात होते ते दीडशे-दोनशे वर्षांनी मांजराच्या अंगावर उतरले.

त्याआधीच मांजराचे केस कापण्याची एक गोष्ट प्रयोगशाळेतही घडली होती. रशियन जनुकशास्त्रज्ञ इल्यिन यांनी सयामी मांजरांच्या अंगाचा काही भाग भादरून त्यांना थंडीत ठेवले आणि तिथे उगवणारे नवे केस गडद रंगाचे येतात असे दाखवले; हे निष्कर्ष 1930 मध्ये प्रसिद्ध झाले. सयामी मांजरात रंगद्रव्य तयार करणारे विकर उष्णतेने निष्क्रिय होते, म्हणून ऊबदार धड फिके आणि गार राहणारे कान, तोंड, पंजे व शेपटी काळपट दिसतात, असा त्याचा उलगडा आहे. पुढे सयामी आणि पर्शियन यांच्या संकरातून याच रंगाची लांब केसांची मांजरे घडवण्यात आली, ज्यांना इंग्लंडमध्ये 1955 मध्ये आणि अमेरिकेत ‘हिमालयन’ या नावाने 1957 मध्ये मान्यता मिळाली. अशा मांजराची पाठ उघडी केली की थंड पडलेल्या कातडीवर गडद डाग घेऊन केस उगवतात आणि ते पुढच्या गळतीपर्यंत तसेच राहतात. दुधी रंगाचे मांजर कापल्यावर मळकट का झाले, या आजच्या घरांतल्या प्रश्नाचे उत्तर त्या जुन्या प्रयोगात आहे.

घरातल्या कातरणीचे प्रत्यक्ष स्वरूप समजण्यासाठी आधी गाठ कशी बनते ते पाहावे लागते. लव गळते तेव्हा ती लांब केसांच्या जाळ्यात अडकून पडते; मांजर हालचाल करते तेव्हा काखेत, जांघेत, कानामागे आणि पोटाखाली कातडी कातडीवर घासते, गळालेली लव जिवंत केसांभोवती वळत जाते, आणि तिला लाळेची ओल व हवेतला दमटपणा मिळाला की नमद्यासारखी जट तयार होते. जट सुकताना आखडते आणि कातडी आपल्याकडे ओढून घेते, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला जट कुठे संपली आणि कातडी कुठे सुरू झाली ते कळत नाही. मांजराची कातडी अतिशय पातळ आणि सैल असते. जट चिमटीत धरून वर उचलली की तिच्याबरोबर कातडीचाही तंबू उभा राहतो, आणि त्याच तंबूवरून कात्री फिरून जखमा होतात. म्हणून जाणते लोक आधी कंगवा जट आणि कातडी यांच्यामध्ये सरकवतात आणि त्या कंगव्याच्या वरच्या अंगानेच कात्री चालवतात, किंवा कात्री वर्ज्य करून मशीनच वापरतात. मशीनच्या पात्यांना क्रमांक असतात आणि क्रमांक जितका मोठा तितका केस आखूड राहतो. मांजरासाठी बहुधा दहा क्रमांकाचे पाते वापरतात, जे सुमारे दीड मिलिमीटर केस ठेवते. काखेत मांजराचा पाय ताणून न धरता कातडी हलकेच सपाट करायची, पाते तापले की थांबायचे, आणि एका बैठकीत सगळे उरकण्याचा हट्ट धरायचा नाही, हे नियम कोणत्याही जुन्या ग्रंथापेक्षा अनुभवानेच घडवलेले आहेत.

या कातरणीने मांजर खरोखर थंड होते का, हा प्रश्न जितका साधा वाटतो तितका नाही. मांजराला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना. उरलेले अंग ते चाटून ओले करते आणि लाळ वाळताना गारवा मिळवते. अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवून दिले की मांजराच्या जिभेवरचे सुमारे 290 काटे टोकाशी पन्हळीसारखे पोकळ असतात आणि ते लाळ शोषून थेट केसांच्या मुळाशी नेऊन सोडतात. त्यांच्या अभ्यासातल्या निष्कर्षांपैकी एक इथे विशेष महत्त्वाचा आहे: चाटताना दबलेल्या केसांतून काटे कातडीपर्यंत पोहोचतात, ही गोष्ट वाघ-सिंहांपासून घरच्या मांजरापर्यंत खरी ठरते, पण पर्शियन मांजराच्या बाबतीत नाही. त्याचे केस त्याच्या जिभेच्या आवाक्याबाहेर गेलेले आहेत. म्हणजे माणसाने वाढवलेल्या केसांनी मांजराची केवळ साफसफाईच नव्हे, तर गारवा मिळवण्याची वाटही बंद केली, आणि पोटावरचे व काखेतले केस कमी करणे म्हणजे ती वाट काही अंशी पुन्हा उघडून देणे होय. सगळी पाठ चकचकीत करून टाकण्याची अलीकडची हौस मात्र पटण्यासारखी नाही. पाठीवरचे केस ऊन अडवतात, पांढऱ्या मांजराची कातडी उन्हाने भाजते, आणि तळची मेलेली लव विंचरून काढली तर पाठीवर हवा खेळायला बहुधा तेवढे पुरते.

महाराष्ट्रात पर्शियन मांजर गेल्या काही दशकांत मध्यमवर्गीय घरांत आले. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातील दुकानांपासून पैदास करणाऱ्यांच्या घरांपर्यंत ‘डॉल फेस’ आणि ‘पंच फेस’ असे त्याचे प्रकार सांगून ते विकले जाते, आणि त्याच्याबरोबर उन्हाळ्यात केस कापण्याचा सल्लाही आला. हा सल्ला ज्या देशांत घडला तिथे उन्हाळा एकच आणि तो कोरडा किंवा सौम्य असतो, वसंतात कापलेले केस थंडीपर्यंत भरून येतात. कोकणपट्टीत ही दिनदर्शिका तशीच चालत नाही. फाल्गुनात कापलेले केस चार ते सहा महिन्यांत पूर्ववत होतात, म्हणजे ते भर पावसाळ्यात लांबतात, ज्या काळात मुंबईत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, हवा सतत ओली असते, गाठी सर्वांत लवकर धरतात आणि ओलसर राहिलेल्या कातडीवर गजकर्णासारखे बुरशीचे रोग पसरतात, ज्यांना पर्शियन मांजर मुळातच अधिक बळी पडते. म्हणून इथल्या अनुभवी घरांत वर्षातून एकदा सगळे अंग भादरण्याऐवजी पोट, काखा, जांघा आणि शेपटीखालचा भाग ज्येष्ठात मृग लागण्याच्या सुमारास पुन्हा आखूड केला जातो, पाठीला हात लावला जात नाही, आणि श्रावण-भाद्रपदात कंगवा रोज फिरतो. पुण्याच्या कोरड्या हवेत दुसरी कातरणी बहुधा लागत नाही, तर मालवण-रत्नागिरीकडे ती गौरी-गणपतीच्या आधी तिसऱ्यांदाही करावी लागते.